आठव्या स्टेजची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. आत्मवृत्त म्हटलं की डोळ्यांत पाणी आणून सांगायचं असतं म्हणे. ते माझ्याच्यानं होणार नाही. माझ्यावर वीस वर्षं एक खोटा आळ होता, तो कसा उतरला तेवढं सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझ्या कपाळावर एक रंगीत कागद डकवला गेला. त्यावर 'बावन्न गेम' असं छापलेलं होतं. पोटात मात्र एकच गेम! ही लबाडी कागद डकवणाऱ्याची, माझी नव्हे. आणि खरं सांगू का, ज्याला माझा तो एक गेम पेलला नाही, त्याला बावन्न घेऊन काय करायचे होते?

माझ्या गेममध्ये टोपी घातलेला एक बुटका माणूस आहे. तो डावीकडून उजवीकडे चालतो. खड्ड्यांवरून उड्या मारतो, हलत्या विटांवर पाय टेकतो, वरून पडणारे दगड चुकवतो. त्याला तीन जीव मिळतात. तिन्ही गेले की पहिल्या स्टेजपासून पुन्हा सुरुवात. मध्येच कुठे थांबून उद्या तिथूनच खेळण्याची सोय माझ्यात नाही. बटण सोडायला अर्धा क्षण उशीर झाला, तरी मी माफ करत नाही. मी कठीण आहे, हे मी मुळीच लपवत नाही.

मंगरूळपीरजवळच्या एका बंजारा तांड्यात मी आले ती राजपालच्या पिशवीतून. राजपाल आणि त्याची बायको रुपाबाई दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि उन्हाळा लागता लागता परतत. त्या वर्षी परतताना, साखर कारखान्याच्या गावच्या बाजारातून राजपालनं गेमचा डबा, दोन रिमोट आणि मला आणलं. घरी आजोबांपाशी राहिलेली दोन लेकरं होती, किशन आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान निता. पाच महिने आईबाप दिसले नाहीत, त्याची भरपाई म्हणून मी आले होते. एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काय दिवस होते ते! साऱ्या तांड्याची पोरं त्या खोलीत गोळा व्हायची. टोपीवाल्याला त्यांनी उडाणटप्पू असं नाव ठेवलं होतं. मी सुरू झाले नाही की मला उपसून माझ्या तोंडात फुंकर मारत. फुंकर कशी मारायची यावरूनही भांडणं होत. लाईट गेली की सगळ्यांच्या तोंडून एकदम "अर्रर्र" निघे, कारण पाचव्या स्टेजला पोचलेला गडी पुन्हा पहिलीत. किशन तर रागानं भिंतीला लाथ मारी. निता मारत नसे. ती ओठ दाताखाली दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मला ती आवडायची. एखादा खेळाडू आवडला म्हणून मी त्याच्यासाठी सोपी झाले, असं मात्र कधी केलं नाही.

सात स्टेज त्यांनी सर केल्या. आठवीत मात्र एक विहीर होती. रुंद, काळी, आणि तिच्या काठावर बाहेर आलेली एक लवचिक फळी. त्या फळीवरून पलीकडच्या काठावर उडी घ्यायची. तांड्याच्या वाटेवर एक नाला आहे. तो ओलांडताना लहान-मोठे सगळे लांबून धावत येतात आणि झेप घेतात. इथेही सगळे तेच करायचे. उडाणटप्पूला लांबून पळवत आणायचे, फळीवरून झेप घ्यायला लावायचे, आणि तो पलीकडच्या काठापासून वीतभर अलीकडे विहिरीत कोसळायचा. हजार वेळा! मला बोलता आलं असतं तरी मी उत्तर सांगितलं नसतं.

एके दिवशी निता एकही जीव न गमावता विहिरीपाशी पोचली. अकरा वर्षांची पोर! किशननं तिच्या हातातून रिमोट ओढून घेतला. "पोरीच्या हातानं नाही होत हे," असं म्हणून त्यानं तिचे तिन्ही जीव एकापाठोपाठ एक विहिरीत घातले. मग रिमोट आपटून त्यानं जाहीर केलं, "कॅसेटच फॉल्टी हाय. शेवटच नाही हिच्यात."

झालं! नाचता येईना अंगण वाकडं. तांड्यातल्या सगळ्या पोरांना हे ऐकून फार बरं वाटलं. आपण हरलो नाही, कॅसेट फॉल्टी आहे! ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मला इतका राग आला, की पुढच्या वेळी फुंकर मारूनही मी तासभर सुरूच झाले नाही.

पुढे मोबाईल आले. डब्यासकट मी एका लोखंडी पेटीत गेले. तिथे ऊन नाही, वारा नाही, पण बाहेरचं ऐकू येई. मोबाईलवरच्या गेममध्ये म्हणे माणूस मेला की एक जाहिरात पाहायची, की तो उठून उभा राहतो. असलं जिणं मला कोणी दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. किशन मोठा झाला, त्यानं मंगरूळपीरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. निताचं लग्न होऊन ती अनसिंगला गेली, तिथे अंगणवाडीत शिकवू लागली. राजपाल देवाघरी गेला. रुपाबाईनं ऊसतोड सोडली आणि तांड्यातच घरची दोन एकरं पाहू लागली.

यंदाच्या होळीला निता माहेरी आली होती. सकाळी भंगारवाल्याची गाडी तांड्यात आली. जुनं द्या, प्लास्टिकचं टोपलं घ्या, असा त्याचा व्यवहार. किशननं पेटी उघडली आणि बिघडलेला फवारणी पंप, वायरींचे तुकडे, गेमचा डबा आणि मी, असे सगळे ओसरीवर टाकले. निता चहाचा कप ठेवून धावत आली आणि तिनं मला उचललं.

"भाऊ, हे नाही द्याची."

"काय करतं तिले? फॉल्टी कॅसेट हाय ते."

"फॉल्टी कायची? तुले जमली नाही म्हून फॉल्टी?"

"तुले तरी कुठं जमली?"

"मले तू खेळू देल्लं कुठं?" निता म्हणाली. "माह्या तिन्ही जान तूच घालोल्या त्या विहिरीत."

वीस वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. किशनला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. भंगारवाला पुढच्या गावाहून चार वाजता याच वाटेनं परतणार होता. किशन म्हणाला, "चार वाजेलोक पार करून दाखव. नाही झालं, तं जाईल भंगारात."

मित्रांनो, त्या दिवशी माझा जीव तिच्या दोन अंगठ्यांवर टांगलेला होता. पण भीती वाटली ती मरणाची नव्हे. फॉल्टी म्हणून मरायची.

निताने डब्याच्या वायरी टीव्हीच्या मागे खोचल्या, मला फुंकर मारली, आणि मी एका फटक्यात सुरू झाले. पण तिचे हात गंजले होते. दुपारपर्यंत ती चौथ्या स्टेजच्या पुढे जाईना. मग हळूहळू बोटांना जुन्या वाटा आठवल्या. अडीच वाजता ती सहाव्या स्टेजला पोचली आणि लाईट गेली. किशन दारातून म्हणाला, "घे!" वीस मिनिटांनी लाईट आली, निताने ओठ दाताखाली दाबले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती विहिरीपाशी होती, तिन्ही जीव शाबूत. उडाणटप्पू लांबून धावत आला, झेपावला, कोसळला. दुसरा जीव. आणखी लांबून धावला, कोसळला. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा वाजला.

रुपाबाई इतका वेळ दाराशी बसून तुरी निवडत होती. तिनं हा गेम कधी धड पाहिलाच नव्हता. पावसाळ्यात ती शेतात असे आणि दिवाळीनंतर उसात. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"निते, काहून पयतं थो मानूस?"

"मंग काय करू याडी? पयल्याबिगर उडी जाते का?" तांड्यात आईला याडी म्हणतात.

"मोयी डोक्यावर घेऊन फयीवर कोनी पयते का वं?" रुपाबाई चिडूनच म्हणाली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून ती वीस वर्षं चढली होती. "पयलं का फयी दबते, अन् मानूस खाली. उभी राह्य. फयी दबू दे. थे वर याले लागली का पाय उचल."

निता थांबली. तिनं उडाणटप्पूला सावकाश चालवत फळीच्या टोकाशी आणलं आणि बोट बटणावरून काढून घेतलं. फळी त्याच्या वजनानं खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"आता," रुपाबाई म्हणाली.

तो उडाला. पलीकडच्या काठावर दोन्ही पाय टेकून उभा राहिला.

मी फॉल्टी नव्हते! ज्या बाईला उत्तर ठाऊक होतं, तिला वीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. निता हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. रुपाबाईनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. भंगारवाला दाराशी आला, तेव्हा किशननं त्याला पंप आणि वायरी दिल्या. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे नाही. हे चांगली हाय."

मला जपून ठेवा, काचेच्या कपाटात मांडा, अशी विनवणी मी करणार नाही. जी गोष्ट तुम्हाला जमली नाही, तिला बिघडलेली म्हणू नका, एवढं मात्र बजावून सांगते. आणि मला खेळा. नुसती जपलेली कॅसेट आणि भंगारातली कॅसेट यांत मला तरी फरक दिसत नाही.

कारण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. विहिरीपलीकडे उडाणटप्पू चार पावलं चालला आणि पडदा काळा झाला. गेम संपला असं समजून निताने रिमोट खाली ठेवला. मग पडद्यावर नऊचा आकडा उमटला. नववी स्टेज! पहिल्याच पावलाला वरून दगड आला आणि तिचा शेवटचा जीव गेला.

किशन चप्पल काढून आत आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. "दे इकडं," तो म्हणाला.

रुपाबाईनं त्याच्या आधी रिमोट उचलला. "सरक," ती म्हणाली. "आंधी माहा नंबर."

या, मी मनात म्हटलं. सगळे या.