सांगाडा कोण बांधणार

दुपारच्या जेवणाआधी मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. देवाला रोज तेवढी शांतता द्यायची, एवढंच. प्रयोगशाळेत सगळ्यांना ते ठाऊक आहे. माझी धाकटी नणंदही तिथेच कामाला. ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून ती केसाहून बारीक सुया ओढते. घरात तिला सगळे धांदल म्हणतात, आणि ते काही उगीच नाही.

त्या सुया मला लागतात. सी-अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काट्यांचा चेंडू. त्याच्या भ्रूणांवर आमचं काम चालतं. सुरुवातीला भ्रूण म्हणजे पेशींचा पोकळ गोळा. तळच्या थोड्या पेशी पोकळीत उतरतात आणि सांगाडा बांधायला घेतात. जनुकं सगळ्या पेशींकडे तीच असतात. पण तळच्या या पेशी असेपर्यंत बाकीच्या पेशी सांगाड्याची जनुकं मिटून ठेवतात. यांना सुईनं शोषून काढलं, तर एरवी रंगाचे ठिपके वगैरे होणाऱ्या पेशी ती जनुकं उघडतात आणि सांगाडा बांधू लागतात. आमच्या हातून हे अजून झालं नव्हतं. या मोसमात करून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा, असं संचालकांनी सांगून टाकलं होतं.

टाकीतल्या शेवटच्या मादीनं अंडी दिली, भ्रूण वाढले आणि नेमक्या सकाळच्या वेळी पेशी पोकळीत उतरू लागल्या. मी सुई उचलली. माझा उजवा हात यंदा थरथरतो. कुणाला कळू दिलं नव्हतं. पहिला भ्रूण फाटला. दुसराही.

"सरका, वहिनी," मागून धांदल म्हणाली.

मी मानेनंच नाही म्हटलं.

"हात बघा तुमचा! कधीपासून लपवताय? सरका म्हणते ना. सुया मी करते, त्यांचं टोक कुठे टेकवायचं ते मला कळत नाही होय?"

मी उठले. बसता बसता तिनं स्टूल पाडलंच. सूक्ष्मदर्शकातलं सगळं पडद्यावर दिसत होतं. सुई फार उजवीकडे चालली होती. 'अगं अगं' अगदी ओठांवर आलं. आज मौन मोडलं तर देव समजून घेईल, असंही वाटून गेलं. मी एप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं.

सुई थांबली. आपली आपण डावीकडे वळली, हलकेच आत शिरली आणि पेशी एकेक करून नळीत आल्या. गोळा शाबूत. मग पुढचा. मग बशीतले उरलेले सगळे.

जेवणाच्या वेळी हात जोडले आणि पहिलं वाक्य बोलले, "कुठे शिकलीस गं?"

"तुमच्या मागे उभी राहून." तिनं डबा उघडला. "पण खरं सांगू? आज तुमचं तोंड बंद होतं म्हणून जमलं. एरवी ओरडून सुई माझ्या हातातून काढूनच घेतली असतीत."

"घेतली असती," मी कबूल केलं, आणि दोघी हसत सुटलो. "आता सुई तुझी."

"आधी सांगाडा येऊ द्या, बाई!"

दुसऱ्या दिवशी गोळे रिकामेच होते. दुसऱ्या पेशींनी बांधलेला सांगाडा उशिरा येतो हे ठाऊक असूनही मी दर तासाला बशी तपासत राहिले. मी देवाला काही मागत नाही, त्या रात्री मात्र मागितलं.

पुढच्या सकाळी धांदलनं सूक्ष्मदर्शकाची खास काच फिरवली. तिच्यातून पाहिलं की बाकीचं सगळं काळोखं दिसतं, फक्त सांगाडा उजळतो.

"वहिनी! आधी इकडे या!"

काळोखात दोन बारीक काड्या चमकत होत्या. शेजारच्या भ्रूणातही. त्याच्या शेजारीही.

"आता तरी बोला की काहीतरी!" ती रडत होती आणि हसतही होती.

जेवणाला अजून अवकाश होता. मी तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"अहो, काय हे! टेबलावरची सुई मोडेल!" हात सोडवून ती संचालकांना बोलवायला पळाली. स्टूल पुन्हा आडवं झालं.

मी ते उचललं आणि सूक्ष्मदर्शकासमोर, तिच्या जागी, नीट ठेवलं.