अपेक्षा किती, बोला

लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. गावात रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीवर नवी पाटी चढत होती आणि पेंटर लोकांना जेवायला सवड नव्हती. पाऊस मात्र त्या साली नावाला पडला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बोअर पाडणाऱ्या गाड्या रात्रंदिवस धुरळा उडवत फिरत होत्या. पुण्याच्या अशाच एका बोअरच्या कंपनीचं नांदेडला ऑफिस होतं. आता जिल्हा झाला म्हणून त्यांनी लातूरलाही ऑफिस उघडायचं ठरवलं, आणि त्यासाठी त्यांना अकाउंटंट पाहिजे होता. जगदेवी होनरावनं अर्ज टाकला. मुलाखतीला नांदेडला बोलावणं आलं.

जगदेवी चाकूरची. बी.कॉम. झाल्यावर लातूरच्या एका आडत दुकानात ती हिशेब लिहायची आणि मामाच्या घरी राहायची. दुकानाचे मालक रेवणसिद्धअप्पा तिला महिन्याला दोनशे रुपये देत आणि वर सांगत, "पोरीच्या जातीला लई झाले." काम ती मन लावून करायची. पण तिला एक खोड होती. भीती वाटली की तिला हसू यायचं. साधं नाही, खदाखदा. मागच्या वर्षी पाहुणे बघायला आले, तेव्हा मुलाच्या काकांनी "स्वयंपाक येतो का?" असं घोगऱ्या आवाजात विचारलं आणि ही जी हसत सुटली, ती पाहुणे चहा टाकून उठेपर्यंत थांबली नाही.

नांदेडच्या बसमध्ये चाकूरला तिची उमाबाई आत्या चढली. आत्या आठवडी बाजारात मिरच्या विकायची. भावाच्या पोरीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून ती सोबतीला आली होती.

"किती मागणार हायेस?" बसल्या बसल्या आत्यानं विचारलं.

जगदेवीनं इकडं तिकडं बघितलं आणि आत्याच्या कानात सांगितलं, "साडेतीनशे."

"कानात कशाला सांगतीस? चोरी केलीस का?"

"आत्या, हळू बोल की!"

"ऐक. तू आधी तोंड उघडायचं न्हाई. गिऱ्हाईकाला बोलू द्यायचं. त्यानं भाव सांगितला की तोंड पाडून बसायचं."

"मला तोंड पाडता येत न्हाई. हसू येतंय."

"मग खाली बघ," आत्या म्हणाली आणि तिनं लोह्यापर्यंत झोप काढली.

ऑफिस वजिराबादेत होतं. पुढं एक खोली, मागं आवार, आवारात लोखंडी पाइपांची चळत. तिथल्या अकाउंटंटनं, रामकिशननं, त्यांना बाकावर बसवलं आणि दोघींत मिळून एक ग्लास पाणी दिलं. "माफ करा हं," तो म्हणाला, "बोअरची कंपनी हाय, पण आमच्याच बोअरला पाणी न्हाई." एवढ्यावरच जगदेवीला हसू फुटायला लागलं. तेवढ्यात आतून हाक आली.

आत पुण्याहून आलेले मेहेंदळे साहेब बसले होते. सगळ्या शाखांची माणसं तेच निवडायचे. पंखा बंद होता आणि ते एका फायलीनं वारा घेत होते. त्यांच्या पाठीमागं, जरा उंचावर, आवारात उघडणारी खिडकी होती.

कामाचे प्रश्न सुरू झाले तशी जगदेवीची भीती पळाली. बँकेच्या पासबुकाचा आणि आपल्या वहीचा मेळ कसा घालता, विक्रीकराचं विवरण कोण भरतं, दिवाळीला खाती कोणी बंद केली, सगळ्याची उत्तरं तिनं पटापट दिली. साहेबांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काम येतं तुम्हाला. आता अपेक्षा किती, बोला."

जगदेवीची पळालेली भीती परत आली. तिनं ओठ घट्ट मिटले. "तुम्हीच सांगा, सर," ती कशीबशी म्हणाली.

"कंपनी तीनशे देईल."

तीनशे! म्हणजे आहे त्यापेक्षा शंभर जास्त. ती "चालेल" म्हणणारच होती, तेवढ्यात खिडकीत एक हात वर आला. मनगटभर हिरव्या बांगड्या. पाच बोटं ताठ. मग त्या हातानं अंगठा आणि बोट जुळवून एक गोल केला, पुन्हा एक गोल केला, आणि परत पाच बोटं.

जगदेवीला हसू आलं. तिनं खाली बघितलं. खाली बघून ते आणखी आलं.

साहेबांचा चेहरा पडला. "कमी वाटतात का? बरं, सव्वातीनशे."

तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. खांदे हलायला लागले.

"यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळत नाही," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "साडेतीनशे. नवख्या माणसाला एवढे कोणी देत नाही."

साडेतीनशे! ती जे मागायला आली होती, ते तिनं न मागताच समोर आलं होतं. आता तर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खिडकीत हाताच्या जागी आत्याचं डोकं उगवलं. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे घामानं ओघळले होते आणि ओठ मोठमोठ्यानं, पण आवाज न करता, "पाच-शे, पाच-शे" म्हणत होते.

"पावणेचारशे!" साहेब ओरडले. "पण याच्यावर मला पुण्याला विचारावं लागेल!"

त्याच क्षणी आवारात घडाघडा आवाज झाला, आणि खिडकीतलं डोकं एकदम गायब झालं.

दोघंही बाहेर धावले. पाइपांची चळत आवारभर पसरली होती आणि मधोमध उमाबाई आत्या फतकल मारून बसली होती. रामकिशन तिला उठवायला धडपडत होता.

"आत्या! लागलं का गं?"

"न्हाई लागलं." आत्यानं लुगडं झटकलं आणि साहेबांकडं बघून म्हणाली, "पाइप लई गुळगुळीत हायेत हो तुमचे. माल चांगला हाय."

साहेबांनी आत्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि जगदेवीकडं बघितलं. "म्हणजे तुम्ही यांना बघून हसत होतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. पावणेचारशे पदरात पडले होते. पण जगदेवीला ते बरं वाटेना. "यांना बघून पण आणि भीतीनं पण," ती म्हणाली. "मला भीती वाटली की हसू येतं, सर. तुमच्या आकड्याला मी हसले न्हाई. खरं सांगायचं तर मी साडेतीनशे मागायला आले होते."

"अगं ए!" आत्यानं कपाळावर हात मारला. "या रामकिशनला पाचशे हायेत! मी गोड बोलून काढून घेतलंय त्याच्याकडून!"

"पाचशे?" साहेब गर्रकन वळले. "कोण म्हणालं पाचशे?"

रामकिशन एका पाइपाकडं बघत डोकं खाजवायला लागला. "ते... बाईंनी विचारलं, तर जरा वाढवून सांगितलं, साहेब. पाहुण्यापुढं सव्वाचारशे कसं सांगायचं?"

मग सगळेच हसले. पहिल्यांदा आत्या, मग रामकिशन आणि शेवटी मेहेंदळे साहेबही, फाईल तोंडापुढं धरून. जगदेवी तेवढी हसली नाही. तिची भीती कुठंतरी गेली होती आणि भीतीबरोबर हसूही.

"सर," ती म्हणाली, "मग मला पण सव्वाचारशे द्या."

"असं कसं? त्याला चार वर्षं झाली. घरदार आहे, मुलं आहेत. तुम्ही आज ना उद्या लग्न करून जाल."

"रामकिशनदादांना इथं बसलेली घडी मिळाली. लातूरला ऑफिस नवीन हाय. खाती मी उघडायची, वसुली मी बघायची, विक्रीकराच्या ऑफिसात मीच जायचं. आणि लग्न झाल्यावर मी काय बेरीज विसरणार हाय का, सर?"

साहेब पुन्हा फायलीनं वारा घ्यायला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. रामकिशननं मधेच तोंड घातलं, "बरोबर बोलून राहिल्या, साहेब. मी आलो तेव्हा सगळं तयारच होतं."

"तू पाइप गोळा कर," साहेब म्हणाले. मग जगदेवीला म्हणाले, "सहा महिने पावणेचारशे. काम जमलं तर पुढं सव्वाचारशे."

"काम जमतं का, ते तुम्ही आत्ताच विचारून घेतलं की. तुम्हीच म्हणालात, येतं म्हणून."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "आडत्याकडून शिकून आलात वाटतं."

"न्हाई," आत्या मधेच म्हणाली, "मिरचीच्या बाजारातून."

"ठीक आहे. सव्वाचारशे. एक तारखेला हजर व्हा."

"पत्र मिळेल का, सर?"

पत्र टाइप होईपर्यंत दोघी बाकावर एकमेकींकडं न बघता बसल्या. बघितलं असतं तर अवघड झालं असतं. पत्र हातात घेऊन, नमस्कार करून, रस्त्याचं वळण ओलांडेपर्यंत त्यांनी कळ काढली आणि मग एका सायकलच्या दुकानापुढं दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसल्या, की दुकानदार पाना हातात घेऊन बघत राहिला. आत्यानं स्वतःच्या पैशानं लिंबू सोडा पाजला. सोडा नाकात गेला. पुन्हा हसू.

परतीच्या बसमध्ये आत्यानं कंडक्टरला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या मास्तरांना सांगितलं, अहमदपूरला शेंगा विकायला चढलेल्या पोरीलाही सांगितलं. चाकूरला उतरताना तिनं जगदेवीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि खालून ओरडली, "तुझ्या बापाला मी सांगते! तू सांगशील तर नुसतीच हसशील!"

बस सुटली. आता जगदेवी एकटी होती. दोन्ही बाजूंनी पिवळी पडलेली रानं मागं जात होती, लांब कुठंतरी बोअरच्या गाडीचा धुरळा उठला होता. आणि तिचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. भीती तर कशाचीच वाटत नव्हती. भीतीशिवायही इतकं हसू येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

शेजारची म्हातारी बराच वेळ तिच्याकडं बघत होती. शेवटी तिनं कोपरानं ढोसलं.

"लगीन ठरलं व्हय गं?"

"न्हाई आजी," जगदेवी म्हणाली. "पगार ठरला."

"आन् त्येच्यात एवढं हसायसारखं काय हाय?"

ते काही जगदेवीला सांगता येईना. तिला पुन्हा जोरात हसू फुटलं आणि थोड्या वेळानं, काय झालं ते न कळताच, म्हातारीही बोळक्या तोंडानं हसायला लागली.