डेल्फियाने दिलेली ओळ

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना डल्सिमर आहे. मला मांडीवर आडवे ठेवून पिसाच्या देठाने तारा छेडतात. केंटकीच्या डोंगरातल्या होबार्ट सायझमोर नावाच्या खाणकामगाराने मला आपल्या बायकोसाठी, आर्मिंटासाठी घडवले.

आमच्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव. तिथे नुसते गळे. होबार्ट स्तोत्राची एक ओळ भरभर म्हणे, म्हणजे ओळ देई, आणि बाकीचे तीच ओळ लांबवत, हेलकावे देत उचलत. माझी जागा घरच्या ओसरीवर. शेंगा सोलून झाल्या की आर्मिंटा मला मांडीवर घेई आणि लेक डेल्फिया माझ्या सुरावर चाल पक्की करी.

"कॉर्बिन, तूही बस की रे," आर्मिंटा मुलाला म्हणे.

"तुमचं रडगाणं तुम्हालाच लखलाभ!" म्हणत तो पसार होई. पुढे तो ओहायोत कारखान्यात गेला.

आर्मिंटा वारली. खाणीतल्या धुळीने होबार्टची छाती भरली. गाताना ओळ मध्येच तुटू लागली.

"बाबा, मी देऊ का ओळ?"

"पोरी, तुला सगळं येतं गं. पण बाईनं ओळ द्यायची आपल्यात रीत नाही." असे म्हणताना त्याला तिच्याकडे बघवले नाही.

होबार्ट गेला, तेव्हा मी भिंतीवर टांगलेला होतो. शवपेटीभोवती सारे जमले. म्हातारे म्हणाले, "कॉर्बिन, बापाची ओळ तू दे."

"मला येत नाही," तो पुटपुटला.

मग डेल्फिया उठली. तिने ओळ दिली, स्वच्छ, बापासारखी. कुणीच उचलली नाही. पुरुष हातातल्या टोप्यांकडे बघत राहिले, बायका पुरुषांकडे. तिने पुन्हा दिली. मग ती खाली बसली. पेटी मुक्यानेच उचलली गेली.

"कुणीतरी उचलायला हवी होती," कॉर्बिन नंतर म्हणाला.

"तू होतास की तिथं," डेल्फिया म्हणाली.

तिने माझ्या तारा सैल केल्या आणि मला मक्याच्या पिठाच्या पेटीमागे सारले. त्यानंतर तिची साधी गुणगुणही मी ऐकली नाही. आता चर्चला कुलूप आहे. माझी पाठ तडकली आहे. परवा कॉर्बिनची नात फोन घेऊन आली होती. "आजी, म्हण ना, मी रेकॉर्ड करते."

"विसरले गं," डेल्फिया म्हणाली. खरेच विसरली का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला आता कुणी दुरुस्त करू नका. उशीर झाला आहे. पण तुमच्या घरात कुणी गाऊ लागले, तर तुम्हीही आवाज मिसळा. बेसूर लागला तरी चालेल.