बोटभर शिवण

मावशीची शिवण ओळखून दाखवा, अशी पैज तिच्या दुकानात कितीदा तरी लागली होती आणि अजून कुणी जिंकली नव्हती. फाटका कोट तिच्याकडे जायचा आणि असा परत यायचा की मालकालाच प्रश्न पडे, हा फाटला होता कुठे? जुन्याच भोकांतून नवा टाका घालायचा आणि दोरा रंगाला रंग लावून निवडायचा, ही तिची खुबी. देवानं बोटांत घातलेली कला, असं ती म्हणे, आणि म्हणताना जरा ताठ बसे.

तिचा एकुलता एक मुलगा उंच इमारतींच्या काचा धुवायचा. कंपनीतले सोबती त्याला पाखरू म्हणत. तो दोराला लटकायचा विसाव्या मजल्यावर आणि जीव टांगणीला लागायचा हिचा. संध्याकाळी जिन्यात त्याचे बूट वाजले की मगच तिच्या घशाखाली घास उतरे.

"प्रार्थना करून जा रे," ती रोज म्हणायची.

"तू करतेस ना दोघांची? आणि पट्टा आहे की, आई. टनभर वजन पेलतो."

"पट्टा माणसानं केलेला असतो."

"मग मलाही तूच केलंयस," असं म्हणून तो हसत जिना उतरायचा.

एका रविवारी तो साबणानं कडक झालेला पट्टा धुवायला घरी घेऊन आला. त्याच सकाळी चर्चमध्ये पाळक म्हणाले होते, ज्याच्यावर देवाचा हात आहे त्याचा पाय घसरला तरी तो पडत नाही. दुपारी मुलगा झोपला. मावशीनं वाळलेला पट्टा मांडीवर घेतला. छातीपाशी एक लोखंडी कडी होती आणि तिच्याभोवती पट्टा दुमडून शिवलेला. ती जागा तिला बरोबर वाटली, अगदी काळजावरची. तिनं पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर चार शब्द लिहिले, कंपनीची शिवण उसवली, पट्टी घडीत सरकवली आणि आपल्या मशीनवर, जुन्याच भोकांतून, रंगाला रंग लावून घडी बंद केली. दोरा तिचा नेहमीचा, सुती. मुलाला सांगितलं नाही. तो हसला असता. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी ती निवांत झोपली.

गुरुवारी छतावरच्या खांबाचा मुख्य दोर निसटला. असं कधीमधी होतं, म्हणून तर पट्टा असतो, वेगळ्या दोराला अडकवलेला. सगळं वजन कडीपाशी आलं, त्या बोटभर शिवणीवर.

देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात. देवानं तारलं नाही तर काय म्हणायचं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

दफनानंतर पाळक म्हणाले, "त्याचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. पण मागा, तो दाखवील." मावशीनं मागितलं. रोज मागितलं. देवा, तू का सोडलंस ते दाखव. दोर निसटला, पट्टा तुटला, एवढंच तिला सांगितलं होतं. कुठे तुटला, हे तिनं विचारलं नव्हतं. मनात पाल चुकचुकत होती, पण तिला ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

अकराव्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं तिला मुलाच्या वस्तू न्यायला बोलावलं. टेबलावर घड्याळ होतं, बूट होते, आणि बाजूला पारदर्शक पिशवीत पट्टा. भिंतीशी कंपनीचा स्टोअरकीपर उभा होता. वर्षानुवर्षं तो चर्चमध्ये तिच्या मागच्याच बाकावर बसायचा. अकरा दिवसांत त्याचा सदरा दोन मापं मोठा झाला होता.

"पट्टे तपासायचं काम ह्यांचं," अधिकारी म्हणाला. "सोमवारी तपासून सही केलीय, शिवण ठीक म्हणून. आणि गुरुवारी तीच शिवण उसवते."

"साहेब, डोळ्यांत तेल घालून बघितली होती. पक्की होती."

"तुरुंगात बसून सांगा ते." अधिकारी मावशीकडे वळला. "तुमचा मुलगा कधी म्हणाला होता का, पट्टा जुना झालाय, बदलून देत नाहीत? आठवून सांगा."

मावशीनं पिशवीकडे पाहिलं. कंपनीचा दोरा काचेसारखा गुळगुळीत असतो. हा मंद होता, पिंजलेला. उघड्या घडीत मळकी पट्टी अडकून बसली होती.

एक 'हो' म्हटलं की पुरे होतं. नाहीतर मूग गिळून बसलं तरी चालणार होतं. अकरा दिवस ती देवावर रागावली होती. रागवायला कुणीतरी होतं, तेवढाच आधार. बोललं की तोही जाणार, आणि मग उरणार ती एकटी, मशीनसमोर.

भिंतीशी स्टोअरकीपरचे ओठ हलत होते. "देवा, धरून ठेव," तो पुटपुटत होता. "धरून ठेव."

"ते काय अडकलंय आत?" मावशीनं विचारलं.

"हे? लेबल असेल."

"लेबल नाही. काढून वाचा."

अधिकाऱ्यानं चिमट्यानं पट्टी ओढली, उलगडली आणि वाचलं, "देवा, ह्याला धरून ठेव."

"अक्षर माझं आहे," मावशी म्हणाली. "शिवणही माझी. कंपनीची उसवून मी घातली. ह्यांना दिसली नाही, साहेब. माझी शिवण कुणालाच दिसत नाही."

अधिकारी बराच वेळ लिहीत होता. तिनं सही केली. अक्षर पट्टीवरच्यासारखंच आलं.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी स्टोअरकीपरनं तिला गाठलं. त्याला रडू आवरत नव्हतं. "मावशी, पोराबाळांसाठी रोज एकच मागत होतो. धरून ठेव म्हणून. धरलं हो त्यानं!" आणि आपण कुणाला काय बोललो हे उमगून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"धरलं ना," मावशी म्हणाली. "माझ्याच हातांनी धरलं." तिनं आपले हात पाहिले, उलटे, सुलटे. "मग त्या रविवारी हेच हात देवाला धरता आले नसते का?"

मावशीनं मुलाचे बूट काखेत घेतले आणि कठड्याचा आधार घेत एकेक पायरी उतरू लागली.