दाढ, कात्री आणि विमानाचं तिकीट

मी कात्री बोलतेय. केस कापायची कात्री. कापडाची नव्हे आणि कागदाची तर मुळीच नव्हे. दुधाच्या पिशव्या कापायला मला उचलणाऱ्यांवर माझा अजून राग आहे.

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगते. कड्यांमध्ये बोटं आली की मी सुखात असते. खणात टाकलं की अंगाला मुंग्या येतात. म्हणून वेळ आहे तोवर भराभर सांगून टाकते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. पोलाद तापवलं, ठोकलं, घासलं, दोन पाती एका स्क्रूने जोडली आणि मला पुठ्ठ्यावर बांधून दुकानात टांगलं. तिथून मला ताईने उचललं. दुकानदार भाव सांगत होता, तेवढ्यात तिने आपल्याच वेणीचं टोक कचकन कापून पाहिलं आणि म्हणाली, "कमी करा की थोडं. आता केस पण गेले माझे." दुकानदार हसला आणि पडला फशी.

ताईने नुकतंच केस कापायचं दुकान काढलं होतं. रस्त्याकडेची एक खोली, एक आरसा, एक खुर्ची. खुर्ची वरखाली करायचा दांडा अडकलेला असायचा, म्हणून बुटक्या गिऱ्हाइकांच्या बुडाखाली उशी द्यावी लागे. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, त्यामुळे तिचा नवरा आपोआप सगळ्या गल्लीचा दाजी झाला होता. दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे.

दिवसभर माझं तोंड चालू आणि खुर्चीतल्या बाईचंही. सासू, सून, शाळेची फी, गुडघेदुखी. मी बोथट झाले की सायकलवरून धारवाले काका यायचे. सायकल स्टँडला लावून पायडल मारायचे, दगडी चाक गरगर फिरायचं, ठिणग्या उडायच्या, आणि मी पुन्हा नवी व्हायचे. चहाच्या पैशात काम व्हायचं. कधी कधी नुसत्या चहावरही.

मग दाजींना परदेशात काम मिळालं. तेच, लिफ्टचं. पगाराचा आकडा ऐकून ताईच्या भावाने फोनवर शिट्टी वाजवली. "म्हणजे आपले किती झाले, माहितेय का?" त्याने गुणाकार करून सांगितला. खुर्ची विकली गेली, आरसा शेजारणीला गेला. मला दाजींच्या लोकरी मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकलं, कारण हातातल्या सामानात कात्री चालत नाही.

नव्या घरात आल्यापासून जुन्या देशाला 'तिकडे' म्हणायची पद्धत पडली. आणि दाजींना एक खोड लागली. कुठलीही वस्तू उचलायची, किंमत वाचायची, वर छताकडे बघत ओठ हलवायचे आणि वस्तू परत ठेवायची. मी दुकानात नसायचे. पण पिशवी रिकामी करताना भांडण पुन्हा पहिल्यापासून व्हायचं, म्हणून मला सगळं पाठ आहे.

"अगं, एका कोबीच्या पैशात तिकडे टोपलीभर कोबी आले असते!"

"मग जाऊन घेऊन या. पण लवकर या, मला भाजी टाकायचीय."

दूध, अंडी, कपडे, फोन इथे पगाराच्या मानाने स्वस्त होते. त्याबद्दल दाजी कधी बोलले नाहीत. ते फक्त महाग गोष्टींचा गुणाकार करायचे. तिकडे भाऊ फक्त पगाराचा करायचा. दोघांचंही गणित बरोबर, आणि मधल्या मध्ये ताई वेडीपिशी.

एकदा केस वाढले म्हणून दाजी कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत गेले, काचेवरचा दर वाचला आणि टोपी घालून परत आले. "एवढ्यात तिकडे वर्षभर कटिंग झालं असतं. वर डोक्याला मालिश!"

त्या दिवशी ताईने मला मोज्यातून बाहेर काढलं. बाथरूममध्ये स्टूल, दाजींच्या गळ्यात जुना टॉवेल. माझं पातं त्यांच्या कानामागून फिरलं तेव्हा मला हायसं वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण ती गुणगुणत होती.

दाजींचं डोकं बघून त्यांच्या कामावरचे दोघे आले, मग त्यांच्या बायका, मग इमारतीतली निम्मी माणसं. रविवारी आमच्या बाथरूमबाहेर रांग लागू लागली. आंघोळीला जायचं असेल तर दाजींनाही नंबर लावावा लागायचा. ताई तिकडचाच भाव सांगायची. लोक हसायचे, तेवढेच पैसे ठेवायचे आणि पुढच्या वेळी भावंडांना घेऊन यायचे.

एका रविवारी दुपारी दारात लाल चष्म्याची बाई उभी राहिली. वय झालेली, पण ताठ. कोपऱ्यावरचं सलून तिचं होतं.

"माझी गिऱ्हाइकं कुठे जातात ते बघायला आले," ती म्हणाली.

ताईच्या हातात मी होते. तिने मला पाठीमागे लपवलं. "मी काही दुकान नाही काढलेलं. ओळखीचे लोक आहेत."

"अर्धी इमारत ओळखीची?" बाईने आत डोकावून बाथरूम पाहिलं, जमिनीवरचे केस पाहिले, नुकत्याच उठलेल्या माणसाची मान वळवून कापाची रेघ पाहिली. "हात चांगला आहे. पण एवढं कमी का घेतेस?"

"आमच्याकडे एवढेच घेतात."

"तू तुमच्याकडे कुठे राहतेस? भाडं कुठलं भरतेस, तिकडचं की इथलं?"

ताई खाली वाकून केस गोळा करू लागली. बाई जाता जाता म्हणाली, "माझ्याकडे एक खुर्ची रिकामी आहे. परवान्याचं काय करायचं ते मी सांगेन. पण दर माझा."

त्या दिवसापासून ताईची चलबिचल सुरू झाली. रविवारची रांग तिने बंद केली. सलूनकडे जायची, अर्ध्या वाटेतून परत यायची. दाजी म्हणायचे, "कशाला तिची चाकरी? दोनचार वर्षांत परतच जायचंय."

आणि त्यातच दाजींची दाढ दुखायला लागली.

आधी गार पाण्याने, मग गरम चहाने, मग नुसत्या वाऱ्यानेही. ते एका बाजूने चावायला लागले. ताईने ओढतच दंतवैद्याकडे नेलं. तिथून परतले ते दाढेपेक्षा आकड्यानेच घायाळ होऊन.

"एका दाढेचे एवढे? अगं, एवढ्यात विमानाचं तिकीट येतं! तिकडे जायचं, दाढ करायची, आईला भेटायचं आणि परत यायचं. वर पैसे उरतील."

"आणि सुट्टी?"

"उन्हाळ्यात मिळेल की."

"तोवर?"

"तोवर मिठाच्या गुळण्या."

उन्हाळा फार लांब होता. मी आरशाखालच्या खणातून त्या गुळण्या ऐकायचे. आधी दिवसातून एकदा, मग सारख्याच. दाजी चिडचिडे झाले. टीव्हीचा आवाज सहन होईना, ताईचा तर त्याहून नाही. कामावर मात्र रोज जायचे, कारण एक खाडा म्हणजे आपले किती, हेही त्यांना पाठ होतं.

माझीही अवस्था बरी नव्हती. रविवारच्या गर्दीत मी बोथट झाले होते. ताई मला घेऊन धार लावणाऱ्याकडे गेली. स्वच्छ दुकान, काचेचं काउंटर. त्याने मला उजेडात धरलं आणि जो आकडा सांगितला त्यात माझ्यासारख्या दहाजणी आल्या असत्या. "नवीनच घ्या ना," तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. माझ्या देखत.

घरी आल्यावर ताईने मला पासपोर्टांच्या खणात ठेवलं. "चल, तूपण उन्हाळ्यात गावी. ह्यांची दाढ आणि तुझी धार, एकाच तिकिटात."

तशी मी पडून राहिले. खणाच्या फटीतून उजेड यायचा आणि जायचा. केसांचा स्पर्श नाही, बोटांची ऊब नाही. बाहेर दोघांचे आवाज वाढत होते. एका संध्याकाळी ताईचा बांध फुटला.

"इथे माणसाच्या हाताला किंमत आहे म्हणून दाढ महाग आहे! तुम्ही लिफ्टला हात लावता त्याचे ते किती देतात? तेव्हा नाही म्हणत, तिकडे एवढ्यात चार मेकॅनिक आले असते म्हणून!"

दाजी गालाला हात लावून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बोलले नाहीत. मला वाटलं राग आला असेल. नंतर कळलं, त्यांना तोंडच उघडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. ताई नुसतं "कुठे? कुठे?" म्हणत होती. मग चपलांचा आवाज आणि दार आपटल्याचा.

पुढचं मी तिच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. दाजी लिफ्टच्या बोगद्यात केबिनच्या टपावर उभे राहून काम करत होते. अंगात ताप भरलेला. खाली उभ्या जोडीदाराने हाक मारली, तर नीट उत्तर येईना. त्याने लिफ्ट अडकवून ठेवली, वर चढला आणि दाजींना कमरेला दोर बांधून खाली आणलं. गाल सुजून डोळ्याला टेकला होता. दाढेतला पू गळ्यापर्यंत उतरला होता. श्वास घ्यायला त्रास होत होता. दवाखान्यात नेताच तातडीने गळ्याला चीर देऊन नळी घातली आणि दाढ उपटून टाकली.

डॉक्टरबाईने ताईला विचारलं, "किती दिवस दुखत होतं?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"मग आला का नाहीत?"

ताईने खरं सांगितलं, "आमच्याकडे स्वस्तात होतं. सुट्टीत तिकडे जाऊन करणार होतो."

डॉक्टरबाईने हातातलं पेन खिशाला लावलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अजून एक रात्र घरी काढली असती, तर ते कुठेच पोहोचले नसते."

ताई घरी आली ती थेट खणाशी. पासपोर्ट बाजूला सारले आणि मला मुठीत घट्ट धरलं. मला वाटलं, ही आता मला फेकून देणार. पण ती जमिनीवर बसली आणि मला तसंच धरून रडली. रडता रडता तिचा अंगठा आपोआप कडीत गेला.

दवाखान्यातून दाजी आले ते हडकुळे होऊन. गळ्याभोवती पट्टी. दाढी वाढून पट्टीच्या चिकटपट्टीत अडकत होती. वस्तरा लावायची मनाई. ताईने त्यांना खिडकीशी बसवलं आणि मला हातात घेतलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण धार नव्हती. केस कापण्याऐवजी ओढत होते मी. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हिला आधी धार लावून आण."

"उन्हाळ्यात—"

"आज."

ताई गेली. काचेच्या काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं, पण नवीन घ्यायचा सल्ला पुन्हा दिला नाही. यंत्राचा दगड ओला होता, ठिणग्या उडाल्या नाहीत. नुसता एक बारीक, लांब आवाज. माझ्या अंगावरून सगळी मरगळ खरवडून निघाली. परतीच्या वाटेवर ताई कोपऱ्यावर थांबली आणि या वेळी मागे फिरली नाही. सलूनचं दार ढकलून आत गेली.

"खुर्ची रिकामी आहे अजून?"

लाल चष्म्याच्या बाईने घड्याळ पाहिलं. "परवाना यायला वेळ लागेल. तोवर केस झाडायचे, डोकी धुवायची. चालेल?"

"दर कुणाचा?"

"इथला."

घरी हे कळल्यावर दाजींनी गळ्याच्या पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, आपण इथे फक्त कमवायला आलोय. जगायचं ते तिकडे गेल्यावर." ताईने टॉवेल झटकला, त्यांची हनुवटी वर केली आणि मला कामाला लावलं. एकही केस ओढला गेला नाही.

उन्हाळ्यात दोघं तिकडे जाऊन आले, नुसते आईला भेटायला. दाजींच्या त्या जागी आता दात नाही. हसताना ती काळी फट दिसते. दुसरा दात बसवायचं चाललंय, इथेच. आकडा ऐकून अजूनही त्यांचे ओठ हलतात. जुनी खोड आहे, जाईल सावकाश.

आणि मी? मी सलूनमध्ये असते. माझ्या शेजारी चकचकीत, नाजूक, महागड्या कात्र्या आहेत. त्यांच्यापुढे मी गावंढळ दिसते. प्रत्येक धारेला माझं थोडं पोलाद कमी होतं, पाती अरुंद झालीत, स्क्रू सैल पडलाय. दगडावर आणखी किती वेळा जाईन, ठाऊक नाही. पण त्याची काळजी करायला मला वेळ कुठे आहे?

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आपलं दुखणं पुढच्या सुट्टीसाठी, स्वस्त गावासाठी, बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवलं असेल, तर त्याचं काही ऐकू नका. दंडाला धरून उठवा आणि आजच्या आज घेऊन जा.

बरं, आता पुरे. खुर्चीत एक मुलगी येऊन बसलीय. कमरेपर्यंत केस आहेत, आणि तिला ते कानापर्यंत हवेत. ताईने विचारलं, "नक्की?" मुलगी आरशात स्वतःकडे बघत "हो" म्हणाली. ताईने केसांची जाड जुडी मुठीत धरलीय, अंगठा कडीत आलाय.

चला, सरका बाजूला. मला जागा लागते.