चांदीने मढवलेला बिल्ला

बोलतोय खरा, पण मला सवय नाही बरं का अशी. आमची जातच मुळी कुणी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. मी रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल, पातळ बिल्ला. माझ्यात सेल नाही, बटण नाही, दिवाही नाही. अंगात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मध्ये तिळाएवढी चिप, एवढाच माझा संसार.

मोबाईलच्या पाठीतही असंच एक वेटोळं असतं. मोबाईल माझ्या अगदी जवळ आला, म्हणजे दोन-तीन बोटांवर, की त्याच्या वेटोळ्यातून निघालेली चुंबकाची लहर माझ्या तांब्यात शिरते आणि तिथे चिमूटभर वीज उठवते. तेवढ्यावर माझी चिप जागी होते, पोटात लिहिलेलं घडाघडा सांगून टाकते आणि मोबाईल लांब गेला की पुन्हा झोपते. ऐकायला-बघायला मात्र मला झोपेतही येतं.

माझी भावंडं तुम्ही रोज वापरता. बँकेच्या कार्डात आहेत, मेट्रोच्या पासात आहेत, ऑफिसच्या दारावर आहेत. तुमची एक गंमत सांगतो. नुसतं जवळ धरायचं असतं, तरी तुम्ही कार्ड मशीनवर असं घासता, जणू पाटी पुसताय. कुणी तर दोनदा आपटतात. अहो, आम्ही बहिरे नाही. लांबचं मात्र आम्हांला खरंच कळत नाही.

मला नयनने डोंबिवलीच्या एका दुकानातून आणलं. शीळफाट्याजवळच्या गावात त्यांचं घर आहे. जुनं, कौलारू, चहूबाजूंनी टॉवर उठलेले. त्या टॉवरांखालची बरीच जमीन पूर्वी नयनच्या वडिलांची, भिवाअप्पांची. तरुणपणी मिठागरात राबलेला, नंतर भातशेती केलेला माणूस. आता त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, आणि मग घरचा रस्ता. स्वतःच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगींमध्ये ते वाट चुकायचे, याचं मला फार वाईट वाटायचं.

नयनने आपल्या मोबाईलमधून माझ्या पोटात लिहिलं : "माझं नाव भिवा. मला घरचा रस्ता आठवत नाही. माझ्या मुलाला, नयनला कळवा." आणि खाली नंबर. मग मला प्लास्टिकच्या चकतीत बसवून काळ्या दोऱ्याने अप्पांच्या गळ्यात बांधलं.

"बाबा, कुठे अडकलात तर हा दाखवायचा आणि सांगायचं, याला मोबाईल टेकव. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल. म्हणा बघू."

"याला मोबाईल टेकव," अप्पा म्हणाले. नयनने ते त्यांच्याकडून घोटून घेतलं, रोज सकाळी चहाच्या वेळी.

आणि ते उपयोगी पडलं. एकदा अप्पा दिवा स्टेशनापर्यंत चालत गेले. तिथे पाण्याच्या टँकरपाशी हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या मालन नावाच्या बाईसमोर अप्पांनी मला धरलं आणि घोटलेलं वाक्य म्हटलं. तिने मोबाईल टेकवला. मी बोललो. नयन येईपर्यंत तिने अप्पांना आपल्या हंड्यावर बसवून ठेवलं. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. छाती असती तर फुगली असती.

पण अप्पा घरी आले ते रागावलेले. टँकरपाशी कुणीतरी पोर हसलं होतं. त्यांनी दोरा तोडला आणि मला ओटीवर फेकलं.

"मी काय कुत्रा हाय, गल्यान बिल्ला बांधाला?"

नयनने समजावलं, हात जोडले. नवा दोरा बांधला की अप्पा तोडायचे. बांधला की तोडायचे. मी कधी मोरीत, कधी तुळशीपाशी पडलेला. शेवटी सगुणाबाईंनी मला उचलून पदराला पुसलं. सगुणाबाई म्हणजे अप्पांची बायको. लिहायला-वाचायला येत नाही, पण नवऱ्याच्या कपाळावरची आठी वाचून सगळं घर चालवलेली बाई.

त्या मला गावातल्या नाथा सोनाराकडे घेऊन गेल्या.

"नाथा, यो चांदीन मढवून दे. वर गावदेवीचा मुखवटा काढ. लहानपनी त्यांचे गल्यान ताईत व्हता, त्यो त्यांनी कवा काढला नाय. यो पन नाय काढनार."

नाथाने काम चोख केलं. खालून पत्रा, वरून पत्रा, मध्ये लाख भरून मी. कडा दाबून बंद केली. आगीवर झाळ देऊन सांधली नाही, नाहीतर तिथेच जळालो असतो. कधीकधी वाटतं, जळालो असतो तर बरं झालं असतं.

सांगतो का ते. चांदी मऊ, चांदी देखणी, पण लहरीला ती भिंत आहे. मोबाईलची लहर पत्र्यात शिरते, तिथेच भोवरे घेत फिरते आणि विरून जाते. आत माझ्यापर्यंत काहीच येत नाही. हे नाथाला कुठून ठाऊक असणार? सगुणाबाईंना कुठून? नयनलाही ठाऊक नव्हतं. त्याने संध्याकाळी येऊन बापाच्या गळ्यात चांदीचा ताईत बघितला, "मस्त झालं हे, आये," म्हणाला आणि जेवायला बसला. मोबाईल टेकवून बघावं हे त्याच्या मनात आलं नाही. मी आतून ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे काय, तांब्याची गार तार.

अप्पांनी मात्र मला नंतर खरंच काढलं नाही. आंघोळीलाही नाही. रोज सकाळी ते मला कपाळाला लावायचे आणि मग तेच वाक्य म्हणायचे. सगुणाबाई खूश. त्या रात्री निर्धास्त झोपायला लागल्या. दाराला आतून लावलेलं कुलूपसुद्धा त्यांनी काढून टाकलं. "गल्यान देवी हाय, नंबर हाय, आता कंची भीती?" म्हणायच्या.

चैत्रातल्या एका सकाळी अप्पा निघाले. त्यांची बहीण आंबिवलीच्या बाजूला दिलेली. ती जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण अप्पांना त्या दिवशी ती जिवंत होती. रिक्षाने कल्याण, तिथून गाडी, आणि आंबिवलीला ते उतरले. बाहेर आल्यावर उन्हात उभे राहिले. ओळखीचं काही दिसेना. घाम माझ्या चांदीवरून ओघळत होता.

स्टेशनबाहेर संदेश नावाचा एक जण मोबाईलची कव्हरं विकत होता. अप्पांनी त्याच्यासमोर मला धरलं.

"याला मोबाईल टेकव."

नाव विचारलं, सांगता आलं नाही. गाव विचारलं, आठवलं नाही. ते एकच वाक्य त्यांच्याजवळ उरलं होतं, तेही नयनने घोटून घेतलेलं. संदेश भला माणूस. त्याला कळलं. त्याने मोबाईल टेकवला. मला काहीच जाणवलं नाही. त्याने ताईत उलटा करून टेकवला. मग मोबाईलचं कव्हर काढून टेकवला.

"आजोबा, काय होत नाहीये. थांबा, दुसऱ्या फोनने बघतो."

दुसऱ्या फोननेही नाही. मी सांगतो तुम्हांला, माझ्या पोटात नाव होतं, नंबर होता, मुलगा होता, घर होतं. बोटभर अंतरावर विचारणारा उभा होता आणि मध्ये कागदाएवढ्या जाडीची चांदी. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

संदेशने त्यांना आपल्या स्टुलावर सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसाला बोलवायला गेला. अप्पा मला हातात धरून बघत बसले. "घरा कुनी नाय वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. नंतर उठले आणि चालायला लागले.

दुपारभर चालले. नदीकडच्या रस्त्याला ते पडले. कुणी तरी दवाखान्यात नेलं. तिथेही विचारलं, नाव काय, कुठले, बरोबर कोण. अप्पांनी मला उचलायचा प्रयत्न केला, पण हात वर आला नाही. संध्याकाळी ते गेले. बिननावाचे गेले.

दोन दिवसांनी नयन शोधत तिथे पोचला. संदेशही त्याला भेटला. "मी टेकवलेला ओ मोबाईल, दोनदा-तीनदा टेकवलेला. ते चाललंच नाही," असं तो नयनला पुन्हापुन्हा सांगत होता. घरी आल्यावर नयनने न्हाणीघरात जाऊन पकडीने चांदीची कड उचकटली. लाख खरवडली. मोबाईल जवळ आणला आणि मी बोललो. पहिल्या झटक्यात बोललो. पडद्यावर बापाचं नाव आणि खाली त्याचा स्वतःचाच नंबर. तो तिथेच नळाखाली बसला आणि नळ मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आईला त्याने सांगितलं, घामाने खराब झाला असणार. सगुणाबाईंनी मान डोलावली. खोटं होतं, पण मलाही ते बरं वाटलं.

ते टिकलं नाही. महिन्याभराने शेजारच्या शिवरामची बायको आली. शिवरामला आता तसंच व्हायला लागलं होतं, परवा तो बाजारातून दुसऱ्याच घरी गेला होता. सगुणाबाई तिच्याजवळ सरकल्या.

"नयन तुला बिल्ला आनून देल. पन पलास्टिकचा नको ठेवू, मानूस फेकून देतो. नाथाकडना चांदीन मढवून घे. आमच्यांनी शेवटपर्यंत काढला नाय."

नयन दारात चपला घालत होता. तो थांबला. बोलला नाही तर शिवराम जाणार होता.

"काकी, चांदी नको. कुठलाच धातू नको. त्यातून मोबाईलला काही ऐकू येत नाही."

शिवरामच्या बायकोने लगेच मान खाली घातली. सगुणाबाई मात्र लेकाकडे बघत राहिल्या.

"मंग आपला खराब झाला नव्हता?"

नयनने पायातली चप्पल पुन्हा काढली. त्या उठल्या, आत गेल्या. त्या दिवशी चूल पेटली नाही.

त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. नयनला वाटतं, आपण टेकवून बघायला हवं होतं. सगुणाबाईंना काय वाटतं ते सांगायला नको. दोघंही आपापल्या कोपऱ्यात स्वतःला खात बसलेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

मी आता देव्हाऱ्यात असतो, उघडा. दुपारी घरात कुणी नसलं की सगुणाबाई आपला साधा मोबाईल बाजूला ठेवतात आणि नातीचा, नयनच्या मुलीचा, जुना मोबाईल घेऊन येतात. मला टेकवतात. मी सांगतो : माझं नाव भिवा. मला घरचा रस्ता आठवत नाही. त्यांना वाचता येत नाही, पण पडदा उजळला की त्या म्हणतात, "बोलतंय की रं तू." पुन्हा टेकवतात. मी पुन्हा तेच सांगतो. मला दुसरं काही येतच नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी काही ना काही मागतात तुमच्याकडे. जपा, धुळीत टाकू नका, असं काही. मला तसलं काही नको. माझं मागणं एकट्या नयनकडे आहे, म्हणून तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल तर निरोप द्या. नयन, तू मला कुलूप घातलेलं नाहीस, म्हणजे माझ्यात अजून लिहिता येतं, आणि पोटात एका ओळीची जागा आहे. तिथे लिही : "आये, तुझी चूक नाही." तिला वाचता येत नाही. वाचून दाखवायला तुलाच तिच्याजवळ बसावं लागेल.