जिजाच्या डोक्यावरचा माइक

मी बूम माइक बोलतोय. मालिका बघताना तुम्ही मला पाहिलं नसेल, आणि चुकून पाहिलं असेल तर त्या दिवशी माझी काठी धरणाऱ्या कल्पेशने नक्की बोलणी खाल्ली असतील. लांब काठीच्या टोकाला लटकणारा, अंगावर करड्या केसांची टोपी चढवलेला, नटांच्या डोक्यावर वीतभर अंतराने तरंगणारा तो मी. दिसायचं नाही आणि एकही शब्द सोडायचा नाही, एवढंच माझं काम. सेटवर कौतुक होतं ते कॅमेऱ्याचं. माझं नाव निघतं ते फक्त मी फ्रेममध्ये आलो म्हणून कुणी ओरडतं तेव्हा. पण मला कॅमेऱ्याचा हेवा वाटत नाही. चेहऱ्याला रंग लावून त्याला फसवता येतं, मला फसवणं जरा अवघड आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथून अंधेरीच्या एका दुकानात आलो आणि भाड्याने जाऊ लागलो. आज लग्न, उद्या जाहिरात, परवा एखाद्या पुढाऱ्याची मुलाखत. पुढारी बोलू लागले की मला डुलकी लागायची, कारण पुढचं वाक्य आधीच माहीत असायचं. शेवटी परेश नावाच्या दिग्दर्शकाने मला कायमचं विकत घेतलं आणि विरारला आणलं.

चंदनसारच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याच्या मालिकेचं शूटिंग चालतं. मालिकेचं नाव ‘चावी कुंडीखाली’. वेगवेगळ्या गावांतून आलेले पाच मित्रमैत्रिणी एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात, दाराबाहेरच्या कुंडीखाली चावी ठेवतात, एकमेकांचे कपडे घालतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि भांडतातही. सगळा मामला हसवण्याचा, पण मधूनच रडवणारा. आमचा खरा वैरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा कुकर. विनोदी प्रसंगात त्याची शिट्टी खपून जाते. प्रेमाच्या प्रसंगात वाजली की परेश डोक्याला हात लावून खाली बसतो.

माणसांची मला मोठी गंमत वाटते. सुरुवातीला हे पाच जण शॉटमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि ‘कट’ म्हटलं की पाच कोपऱ्यांत पाच फोन घेऊन बसायचे. मग हळूहळू डबे उघडायला लागले. वसईतल्या पापडी गावचा कॉन्रॅड घरच्या वाडीतली केळी आणायचा. अर्नाळ्याची जिजा आईने केलेली सुकटीची चटणी आणायची. एकदा सगळे एकाच डब्यावर तुटून पडले आणि कुणी कुणाचा घास पळवला यावरून जी बोलाचाली झाली, ती मी ऐकली. त्या दिवशी मला कळलं की आता यांना मैत्रीचं नाटक करावं लागणार नाही.

जिजा या सगळ्यांत नवखी. तिची आई अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी सुकवते. मालिकेतलं तिचं पात्रही अर्नाळ्याचंच, म्हणून तर परेशने तिला घेतलं होतं. निवडीच्या दिवशी ती ‘पानी’ म्हणाली, ‘कोन’ म्हणाली, आणि परेशला ते फार आवडलं. पण पहिले भाग चॅनलच्या रीमा मॅडमनी बघितले आणि त्यांचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण तिचा ण धड नाही, घरोघरी बघणाऱ्यांना हे अशुद्ध वाटेल, सुधारा.

परेश दबला. मालिका त्याची असली तरी दोरी चॅनलच्या हातात होती. त्याने जिजाला शुद्ध बोलायला सांगितलं. ती पोर जिद्दीची. दोन शॉटच्या मध्ये जिन्यात उभी राहून ‘पाणी, कोण, आणि, म्हणून’ असं घोकत बसायची. कल्पेश मला घेऊन शेजारीच उभा असायचा आणि काही न बोलता ऐकायचा. तो विरारच्या जुन्या शेतकरी कुटुंबातला. त्याच्या घरीही पानीच म्हणतात, म्हणून सेटवर तो कामापुरतंच बोलतो.

मग तो प्रसंग आला. जिजाचं वाक्य होतं, ‘माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही.’ डोळे भरून आले होते, खोली शांत होती, कुकरसुद्धा गप्प होता. आणि जिजा म्हणाली, “माझ्या मणात तुमच्याबद्दल काही नाही.” इतके दिवस ण घोकून घोकून जिथे तो नको तिथेही तिने तो घातला होता. परेशच्या तोंडून पटकन निघून गेलं, “किती मण?” सगळा सेट हसला. कॉन्रॅडसुद्धा हसला आणि मग त्याने मान खाली घातली. जिजाही हसली, पण तिच्या हसण्यातलं कापरं मी इतक्या जवळून ऐकलं की मला माझ्या कानांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी चॅनलने ठरवलं की जिजाचा आवाज दुसऱ्या बाईकडून डब करून घ्यायचा. म्हणजे ओठ जिजाचे आणि बोल परके. कल्पेशला सूचना मिळाली की तिच्यावर माइक नीट धरला नाही तरी चालेल, डबिंगवेळी अंदाज येण्यापुरता आवाज आला की पुरे. त्याने मला कॉन्रॅडकडे वळवलं. जिजा त्याच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “कल्पेशदादा, माज्या डोक्यावर पन धर. मागनं माजा आवाज फेकून दिलात तरी चालेल.” कल्पेशने मान हलवली आणि पुढच्या शॉटला मी तिच्या डोक्यावर होतो.

पहिला भाग लागला तेव्हा सगळे त्याच फ्लॅटमध्ये जमून टीव्ही बघत होते. मी खिळ्याला टांगलेला होतो. टीव्हीत जिजा बोलायला लागली, एकदम गोड, गुळगुळीत आवाजात, बातम्या सांगाव्यात तशी. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. जिजाने कौतुकाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. आई म्हणाली, “जिजे, ही कोन बाई बोलते तुज्या तोंडातून? तू आजारी हाईस काय?” जिजाने फोन कानाला लावला आणि बाहेर गेली. मागे टीव्हीत ती बाई बोलत राहिली.

सकाळी जिजा थेट परेशसमोर उभी राहिली. ती चिडली नव्हती, रडली नव्हती. “सर, मी राहीन तर माज्या आवाजात. नायतर दुसरी मुलगी बघा.” परेशने तिला समजावलं की पहिलंच काम आहे, हे सोडलं तर पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही. ते तिलाही माहीत होतं. घरी आईने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. तरीही ती मागे हटेना. शेवटी परेश म्हणाला की पाचही जणांच्या भांडणाचा जो मोठा प्रसंग आहे, तो तिच्या भाषेत करू, डब न करता रीमा मॅडमना पाठवू, आणि त्या नाही म्हणाल्या तर माझाही नाइलाज आहे.

आता माझ्याबद्दल एक सांगतो. माझ्या केबलचा जोड एव्हाना सैल झाला होता. काठी जरा हलली की आवाजात करकर यायची. करकर आली की तो आवाज वापरता येत नाही, मग डबिंग ठरलेलंच. एरवी पुन्हा शॉट घेता येतो. पण रडण्याचा, तुटण्याचा असा प्रसंग पुन्हा पुन्हा तसाच येत नाही, हे सेटवर सगळ्यांना ठाऊक असतं. कल्पेशने काठी उचलली, जोडावर अंगठा दाबला आणि हात डोक्यावर ताणून उभा राहिला. मीही मनाशी ठरवलं की आज काही झालं तरी करकरायचं नाही.

जिजाचं पात्र घर सोडून निघालेलं असतं. तिने चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “दोन वर्सं आपन एकाच कुकरातला भात खाल्ला. भांडन झालं म्हनून मी पाव्हनी झाले काय? मला पानी दे, मंग जाते.”

कुणी हसलं नाही. ते वाक्य मालिकेतल्या मित्रांना होतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटलं. कॉन्रॅडने पेला भरला. कागदावर त्याचं वाक्य होतं, ‘हे घे पाणी.’ घरी आईशी फोनवर तो जी बोली बोलतो तिचा एक शब्दही त्याने कधी सेटवर काढला नव्हता. तो म्हणाला, “घे, पानी पी. आनि कुठं जाऊ नको.” हे त्याच्या घरचं होतं की त्याने जिजाकडून घेतलं, मला सांगता येणार नाही. जिजा ते पाणी प्यायली. तिच्या घशातून उतरणारा घोटसुद्धा माझ्याकडे स्वच्छ आला. कल्पेशचे दंड थरथरत होते, अंगठा पांढरा पडला होता, पण जोड हलला नाही. मी एकदाही करकरलो नाही.

काही दिवसांनी रीमा मॅडमचं उत्तर आलं. प्रसंग त्यांना आवडला होता. जिजाचा आवाज ठेवायला हरकत नव्हती, मात्र ती बोलेल तेव्हा खाली शुद्ध मराठीत अक्षरं दिसली पाहिजेत. मराठी बोलण्याखाली मराठी अक्षरं येणार हे ऐकून कॉन्रॅडला हसू आवरेना. जिजाने परेशला विचारलं की मी पानी म्हटलं तर खाली काय लिहाल. पाणी, असं तो म्हणाला. ती म्हणाली, “लिहा. वाचनारे वाचतील. बोलनार मीच.”

आधीचे भाग त्या परक्या आवाजातच राहिले आहेत, ते आता बदलणार नाहीत. माझंही वय झालं. जोडावर काळ्या पट्टीचे थरावर थर चढलेत आणि परेश नवा माइक बघतोय, हे मी स्वतः ऐकलंय. खुशाल आणा. मला पेटीत घाला नाहीतर भंगारात द्या, माझी तक्रार नाही. माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकच मागणं आहे. एखादी पोर तिच्या घरच्या भाषेत बोलायला लागली तर तिला किती मण म्हणून विचारू नका. माइक तिच्यावर नीट धरा आणि तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

चला, साउंडची हाक आली. कल्पेशने काठी उचलली आहे आणि जिजा माझ्याखाली येऊन उभी आहे. मला गप्प व्हायला हवं. आता ती बोलेल.